मॉडेल ए च्या चार सिलेंडर हॉट रॉडला एक्झॉस्ट बसवताना

फोर्ड मॉडेल ए च्या इंजिनावर हॉट रॉड (वेगासाठी बदललेली जुनी गाडी) बनवायला घेतली की हेड (इंजिनाचं वरचं झाकण), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कार्ब (पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बुरेटर) यावर सगळे भरभरून बोलतात आणि एक्झॉस्टचा विषय निघाला की "त्यात काय, चार पाइप वाकवायचे आणि मागे सोडून द्यायचे" म्हणून मोकळे होतात. मला मात्र पूर्ण गाडीत सगळ्यात जास्त डोकं इथेच लावावं लागलं आणि आज गाडी चालवताना जो फरक जाणवतो त्यातला बराचसा याच कामाचा आहे असं माझं ठाम मत झालंय. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी गाडी काय आहे ते सांगतो. १९२९ ची रोडस्टर, मडगार्ड काढलेली, मागे उघडणारी रंबल सीट शाबूत. मी राहतो डेट्रॉइटच्या बाजूला, म्हणजे डिअरबॉर्नच्या ज्या रूज कारखान्यात ही इंजिनं ओतली गेली तो इथून फार लांब नाही, आणि मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात बाबांचं छोटं वर्कशॉप होतं त्यामुळे लेथ आणि वेल्डिंगचा वास लहानपणापासून नाकात बसलेला. इंजिन तेच जुनं, २००.५ घनइंच म्हणजे जवळजवळ ३.३ लिटर, व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये, कंपनीतून निघताना २२०० आरपीएमला ४० हॉर्सपॉवर आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, फक्त ४.२२. १९२८ ते १९३१ या चार वर्षांत अशा ४८ लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, त्यामुळे पोरांच्या हातात स्वस्तात पडणारी गाडी हीच होती आणि कॅलिफोर्नियाच्या मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर वेगाचं वेड सुरू झालं ते याच चार सिलेंडरवर. १९३२ ला फोर्डने व्ही-८ आणलं आणि हळूहळू सगळे तिकडे वळले, पण या इंजिनाला इथे लाडाने बँगर म्हणतात आणि त्याचे चाहते अजूनही कमी नाहीत.

माझ्या इंजिनाला साडेपाच कॉम्प्रेशनचं हेड आहे, कॅम पुन्हा ग्राइंड केलेला आहे आणि वरती दोन स्ट्रॉमबर्ग ८१ कार्ब. पण खाली बेअरिंग मात्र जुनी बॅबिटचीच (मऊ मिश्रधातूची), ओतलेली, आणि क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग. म्हणजे हे इंजिन मी ३००० च्या वर कधी नेत नाही, आणि खरं सांगायचं तर नव्वद टक्के वेळ ते १५०० ते २५०० मध्येच असतं. या एका गोष्टीने पुढचे सगळे निर्णय ठरवले.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक आजोबा राहतात, आयुष्यभर मॉडेल ए दुरुस्त केल्या. मी त्यांच्याकडे हेडरची (प्रत्येक सिलेंडरला वेगळा पाइप असलेल्या एक्झॉस्टची) चित्रं घेऊन गेलो तर त्यांनी चित्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, चालवणार कुठे? म्हटलं इथेच, रविवारी गावाबाहेरच्या रस्त्यांवर, मुलीला आईस्क्रीम खायला, ४५-५० मैलाने. मग म्हणाले, तर मग तळ्यावरच्या गाड्यांचे पाइप कशाला बघतोस, ते पूर्ण थ्रॉटलवर चार-पाच मैल सरळ जायचे. इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

ओरिजिनल मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलेंडरचा धूर गोळा करणारी ओतीव पेटी, ठेवायचा का हा पहिला प्रश्न. बिडाचा आहे, टिकतो, आवाज गोड येतो. पण त्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची मागची बाजू, जिथे सायलेन्सरचा पाइप अडकतो, ती खाली झुकते, आणि मग पोर्टशी नीट बसत नाही, माझा तसाच झुकलेला होता. दुसरं जास्त महत्त्वाचं. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, १-२-४-३ आहे. म्हणजे एक नंबर सिलेंडरचा धूर बाहेर जायचं काम संपत आलेलं असतं तेवढ्यात त्याच्या अगदी शेजारच्या दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि आतला सगळा दाब एका धक्क्यात बाहेर येतो. एकाच छोट्या पेटीत दोघं तोंड उघडून बसलेत, त्यामुळे दोन नंबरचा धक्का एक नंबरमध्ये उलटा घुसतो. मागे चार आणि तीन नंबरचं तेच. ४० हॉर्सपॉवर आणि छोट्या कॅमला हे चालून जात होतं, कॅम बदलला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात आणि हे दुखणं वाढतं.

म्हणजे हेडर हवा. आता चार पाइप एका ठिकाणी आणायचे की आधी दोन-दोनच्या जोड्या करून मग एक, म्हणजे ४-१ की ४-२-१? बाजारात तयार मिळणारे बहुतेक ४-१ आणि दिसायला झकास. पण जोड्या करायच्या तर एक आणि चारची एक, दोन आणि तीनची एक अशा केल्या की प्रत्येक जोडीत धक्के बरोबर ३६० अंशांच्या अंतराने येतात, क्रँकचा एक पूर्ण फेरा, कोणी कोणाच्या पायात येत नाही. कमी आरपीएमला याचा फायदा मिळतो आणि मला तर कमी आरपीएमचंच काम होतं.

पाइप किती जाड हा वादाचा विषय, इथे प्रत्येकाचं मत वेगळं आणि प्रत्येकजण ठाम. मी जुना ठोकताळा वापरला. एका सिलेंडरचं माप घनइंचात घ्यायचं, ज्या आरपीएमला टॉर्क हवा त्याने गुणायचं आणि ८८,२०० ने भागायचं, उत्तर येतं पाइपच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ चौरस इंचात. माझं एक सिलेंडर ५० घनइंच. उलटं करून बघितलं तर दीड इंची ट्यूब, भिंत ०.०६५ इंच, म्हणजे आतून १.३७ इंच, ती बसते साधारण २६०० आरपीएमला. पावणेदोन इंची घेतली तर आकडा जातो ३६०० च्या वर, जिथे माझं इंजिन कधी जाणारच नाही. म्हणजे जाड पाइपमध्ये माझ्या वेगाला धूर रेंगाळत जाणार, त्याला ओढ राहणार नाही. तरी दुकानात प्रत्येकजण जाड पाइपच दाखवत होता कारण दिसतो भारी. मी दीड इंच पक्कं केलं.

लांबीचं गणित मात्र गंमतशीर निघालं. लांबीचाही एक ठोकताळा आहे, ८५० गुणिले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडण्याचा कोन, भागिले आरपीएम, वजा तीन. कोन माझ्या कॅमला २३० च्या आसपास धरला आणि २६०० आरपीएम घेतले तर एकेका पाइपची लांबी येते ७२ इंच, म्हणजे सहा फूट! प्रत्येक सिलेंडरला सहा फुटी पाइप या गाडीत कुठून बसवणार, तो मागच्या एक्सलच्या जवळपास जाईल. इथेही ४-२-१ ने वाचवलं कारण त्यात पहिले पाइप छोटे ठेवून उरलेली लांबी दुसऱ्या टप्प्याच्या दोन पाइपांत वाटता येते. ते दोन मी पावणेदोन इंची घेतले आणि फ्रेमच्या आतून जेवढे मागे नेता आले तेवढे नेले. आकडा पूर्ण जुळला नाही, पण योग्य दिशेला जेवढं जाता येईल तेवढं गेलो.

रस्ता ठरवायचं काम मला सगळ्यात आवडलं. मॉडेल ए ला मॅनिफोल्डची बाजू उजवीकडे आणि इथल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे स्टिअरिंगचा अडथळा नाही, बॅटरी पण डावीकडे फरशीखाली. उजवीकडे ब्लॉक आणि फ्रेममध्ये जागा बऱ्यापैकी मिळते पण खाली ब्रेकच्या पाइपलाइन, मधे टॉर्क ट्यूब (ड्राइव्ह शाफ्टभोवतीची नळी), पुढच्या एक्सलचा विशबोन (एक्सलला धरणारा व्ही आकाराचा दांडा) गिअरबॉक्सच्या तोंडाशी येऊन टेकलेला. काही जण पाइप बाहेरून, दाराखालून नेतात आणि तो देखणा दिसतो यात वादच नाही. पण पाय ठेवून चढायचं तिथूनच, आणि माझी मुलगी उन्हाळ्यात शॉर्ट्सवर असते. बाहेरचा पाइप बाद.

आधी जाड तार वाकवून पूर्ण रस्ता केला, मग गॅरेजच्या फरशीवर झोपून टॉर्चने प्रत्येक ठिकाणी किती फट राहते ते बघितलं, ब्रेकच्या लाइनपासून तर मी मुद्दाम तीन बोटं फट ठेवली कारण ब्रेकचं तेल तापून उकळलं तर पेडल दाबून काही होत नाही. तार जशी बसली तशी त्यावरून तयार यू-बेंडचे तुकडे कापले. हे बेंड मँड्रेलवर वाकवलेले घ्यायचे, म्हणजे वळणावरही भोक गोल राहतं. साध्या मशीनवर दाबून वाकवलेल्या पाइपला वळणावर चिमटा बसतो, आणि दीड इंचीला चिमटा बसला तर केलेलं सगळं गणित वाया.

फ्लँज (हेडर ब्लॉकला आवळायची पट्टी) १० मिमी जाड प्लेटमधून कापून घेतली. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ते लगेच म्हणाले, "आधी जाड ब्लॉकला आवळ, मग टॅक मार, आणि सलग वेल्ड ओढत जाऊ नको, नाहीतर केळं होतंय बघ त्याचं." म्हटलं, बाबा तुम्ही सांगाल तसं. एक भंगार ब्लॉक मिळाला होता त्याला फ्लँज आवळली, एका पोर्टला थोडं वेल्ड, मग लांबच्या पोर्टला थोडं, मधे थंड होऊ द्यायचं, असं करत केलं. शेवटी सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घातला तर मधल्या दोन पोर्टांखाली दहा थाउचं (इंचाच्या शंभराव्या भागाचं) पान अडकत अडकत जात होतं, तेवढं पृष्ठभाग घासून काढलं. त्यानंतर पोर्टांच्या मधली फ्लँज करवतीने चिरली म्हणजे तापल्यावर प्रत्येक तुकडा आपापला हलू शकतो. ब्लॉकच्या पोर्टमध्ये बसणाऱ्या छोट्या रिंगा असतात त्या विसरू नका, त्यांच्यामुळे पाइप भोकासमोर बरोबर येतो आणि गॅस्केट जळत नाही.

आता सायलेन्सर. मिशिगनचा कायदा स्पष्ट आहे, चालू स्थितीतला सायलेन्सर पाहिजे आणि त्याला वळसा घालणारा कटआउट रस्त्यावर चालत नाही. कलेक्टरला (जिथे सगळे पाइप एकत्र येतात तिथे) झाकण लावून ते तळ्यावर काढायचं ही जुनी पद्धत मला फार आवडते पण इथे ना तळं ना परवानगी, त्यामुळे तो विचार सोडला. जुन्या रॉडला सगळे ग्लासपॅक लावतात, सरळ जाळीचा पाइप आणि भोवती काचेचे तंतू भरलेले. मी एक छोटा ग्लासपॅक उसना आणून तात्पुरता लावून बघितला. गाडी उभी असताना आवाज एकदम मस्त, एक एक ठोका वेगळा ऐकू येतो. पण ४५ मैलावर, म्हणजे २००० आरपीएमच्या आसपास, कानात घुमायला लागतं. कारण सोपं आहे, चार सिलेंडरमध्ये एका फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे २००० ला सेकंदाला ६७ ठोके, हा इतका खालचा सूर आहे की काचेचे तंतू त्याला फारसं शोषत नाहीत, ते वरचा कर्कश आवाज खातात. खालच्या सुराला आतमध्ये कप्पे असलेला मोठा सायलेन्सर लागतो. म्हणून मी आधी कप्प्यांचा एक लांबट सायलेन्सर, आणि त्याच्या मागे एक छोटा ग्लासपॅक असं जोडलं. घुमणं जवळजवळ गेलं, ठोका मात्र राहिला. बायकोने पहिल्यांदाच गाडीत बसून पूर्ण रस्ताभर गप्पा मारल्या, याहून मोठं सर्टिफिकेट मला नको.

सायलेन्सरपासून मागे दोन इंची पाइप नेला. "दोन इंचाने गुदमरेल" असं बऱ्याच जणांनी सांगितलं पण हिशोब बघा, सरळ पाइपमधून चौरस इंचाला ११५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) धरतात आणि हॉर्सपॉवरला २.२ सीएफएम लागतं. दोन इंचीच्या आतल्या भोकातून १४० हॉर्सपॉवरचा धूर आरामात जातो. माझं इंजिन फार तर साठ-सत्तर देत असेल.

शेवट कुठे सोडायचा यावर मी अजिबात तडजोड केली नाही आणि तुम्हीही करू नका. मॉडेल ए ची फरशी लाकडी फळ्यांची, पेडलभोवती फटी, आणि उघड्या गाडीच्या मागे हवा पोकळी करते ती धूर परत ओढून आणते. रंबल सीट तर बरोबर त्या धुराच्या वर, आणि तिथे बसतात पोरं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मी घरात वापरायचा, आकडा दाखवणारा बॅटरीचा अलार्म रंबल सीटवर ठेवून बघितलं. पाइप तात्पुरता मागच्या चाकाच्या अलीकडे संपवला होता तेव्हा सिग्नलला थांबलं की आकडा चढायचा. बंपरच्या मागेपर्यंत नेऊन थोडा बाहेरच्या बाजूला वळवला आणि तेव्हापासून शून्य. तो अलार्म आता कायम सीटखाली असतो.

धातू कुठला हा विषय थोडक्यात आटपतो. हेडर साध्या माइल्ड स्टीलचा आणि वर आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग, मागचा पाइप ॲल्युमिनाइज्ड. स्टेनलेस चांगलंच, पण बजेट नव्हतं. कापडी रॅप गुंडाळू नका असं मी सांगेन, त्यात ओल धरून राहते आणि आत तडा गेला तरी दिसत नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, एक गॅलन पेट्रोल जळलं की साधारण एक गॅलन पाणी वाफ होऊन पाइपमधून जातं, छोट्या फेऱ्या मारल्या की ते सायलेन्सरमध्येच साठतं. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक पाडलंय, थंड सकाळी सुरू केली की तिथून थेंब पडतात.

हेडरला वजन लटकवायचं नाही. इंजिन हलतं, फ्रेम वेगळी हलते, आणि मधे पाइप अडकला तर स्टड तुटतो. गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवरून एक पट्टी घेऊन कलेक्टरला आधार दिला, त्याच्या मागे बॉल जॉइंटची फ्लँज, आणि तिथून मागे सगळे रबरी हँगर. सगळं जोडल्यावर गळती बघायला व्हॅक्यूम क्लीनर उलटा करून मागच्या पाइपमध्ये हवा सोडली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं. तीन नंबरच्या फ्लँजखाली बुडबुडे आले, ती बाजू पुन्हा घासली. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झालं की नट परत आवळायचे, पहिल्या काही फेऱ्यांमध्ये ते हमखास ढिले होतात.

कलेक्टरमध्ये ऑक्सिजन सेन्सरसाठी १८ मिमीचं आट्यांचं तोंड आधीच वेल्ड करून ठेवा, बाजूला आणि थोडं वरच्या कोनात, खाली ठेवलं तर पाणी साठून सेन्सर मरतो. त्या सेन्सरमुळे कळलं की नवीन एक्झॉस्टने मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, दोन्ही कार्बचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) एकेक नंबर मोठे केले आणि चढावर गाडी एकदम मोकळी झाली. पूर्वी ज्या चढाला सेकंड टाकायला लागायचा तिथे आता टॉपमध्ये, हळू पण न कुरकुरता चढते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो. जुना मॅनिफोल्ड इनटेकला (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या पाइपला) चिकटून असायचा आणि त्याला ऊब द्यायचा. हेडर लावला की ती ऊब गेली. इथे ऑक्टोबरमध्ये ओली थंडी पडते तेव्हा कार्बच्या आत बर्फ धरायला लागला, गाडी दहा-पंधरा मिनिटांनी खोकायला लागायची आणि पाच मिनिटं उभी केली की परत ठीक. त्याला उपाय म्हणून पत्र्याची एक हलकी टोपी केली, ती हेडरच्या वर बसते आणि तिथली गरम हवा एका नळीने एअर क्लीनरमध्ये सोडते. चार स्क्रूवर आहे. पानगळ सुरू झाली की लावतो आणि मे मध्ये काढून ठेवतो, कारण जुलैच्या उन्हात तीच टोपी राहिली तर कार्बमधलं पेट्रोल उकळायला लागतं.